शंभरातले साठ

बायको काय करते असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. ‘कंप्युटरवर असते,’ एवढं सांगून मी विषय बदलतो. खरं म्हणजे ती मोबाइल गेमच्या एका कंपनीत बक्षिसांची वजनं लावते. गेम फुकटचा. त्यात तुम्हाला एक ओसाड बंदर देतात आणि ते तुम्ही हळूहळू वसवायचं: धक्का, गोदाम, दीपगृह, नावा. रोज सकाळी एक चाक फिरवायला मिळतं. चाकाचे आठ भाग, सगळे सारखे. कुठे दोरखंड, कुठे पिंप, कुठे नाण्यांची थैली, आणि एका भागात सोन्याची होडी. होडी मिळाली की बंदर पुरं झालं म्हणतात. म्हणतात, कारण होडी मिळालेला माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही. कुठल्या भागाला किती वजन द्यायचं, म्हणजे लाखातल्या किती जणांच्या पदरात काय पडू द्यायचं, हे जिथे ठरतं त्या टेबलाशी माझी बायको बसते. दिवसाचं पहिलं फिरवणं फुकट, पुढची विकत. कंपनी त्यावर चालते आणि आमचं घरही बरंचसं त्यावरच.

माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना नीट दिसावं म्हणून मी बसतो आणि दिसू नये म्हणून ही, असं मी पूर्वी चारचौघांत गमतीने म्हणायचो. ती हसायची. तिच्या कामाबद्दल माझी तक्रार ते वाईट आहे अशी कधीच नव्हती. ती ते फार चांगलं करते, हीच तक्रार आहे.

सासरे आमच्याकडेच राहतात. मी त्यांना बाबा म्हणतो, तिच्यासारखंच. ते टेलर. सगळी हयात एका अरुंद दुकानात मशीनवर वाकून काढली, आणि हात थरथरू लागले तेव्हा दुकान बंद करून लेकीकडे आले. जावयाच्या घरी राहायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. सुरुवातीला खुर्चीच्या कडेवर बसायचे, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसल्यासारखे. मग एक दिवस माझ्या शर्टाची कॉलर बघून त्यांना राहवलं नाही. हे कुणी शिवलंय, त्याला धरून आणा, म्हणाले. त्या दिवसापासून ते घरचे झाले.

त्यांच्या पोटात गाठ निघाली. निदान सांगायच्या दिवशी आम्ही तिघंही हॉस्पिटलात होतो, पण डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बायको एकटीच गेली. बाबांना रक्त काढायला आत नेलं होतं आणि मी खाली औषधांच्या दुकानात रांगेत उभा होतो. मी वर आलो तेव्हा ती दाराबाहेर भिंतीला टेकून उभी होती. बाबा बाही खाली करत आले, बाकावर बसले आणि काय म्हणाल्या बाई, असं त्यांनी विचारलं.

“शंभरातले साठ बरे होतात,” ती म्हणाली. “केमो घ्यायची. त्रास होईल, पण साठ म्हणजे निम्म्याहून जास्त, बाबा.”

मला केवढं हायसं वाटलं. हातातल्या पिशवीतली बिस्किटं काढून मी तिथेच सगळ्यांना वाटली, समोरच्या बाकावरच्या अनोळखी बाईंनाही.

बाबांचा विचार मात्र वेगळा होता. त्यांची थोरली बहीण, आक्का, दोन दिवसांच्या प्रवासावर राहते. आई लवकर गेल्यामुळे त्यांना तिनेच वाढवलं. आता तिचं कमरेचं हाड मोडलंय, ती अंथरुणातच असते, डोळ्यांनीही जेमतेम दिसतं. आधी महिनाभर आक्काकडे राहून येतो, मग काय त्या सुया टोचायच्या त्या टोचा, असं बाबांचं म्हणणं होतं. तेव्हा ते चांगले हिंडतेफिरते होते. भाजी आणायचे, जिने चढताना मला मागे टाकायचे. बायकोने काही ऐकलं नाही. महिना घालवला तर साठाचे चाळीस होतील, म्हणाली. आकड्यातलं तिला कळतं, आम्ही काय बोलणार? बाबांनी आक्काला फोन लावला आणि बरा झालो की येतो, तोवर थांब, असं सांगितलं. मी कुठे जातेय, मला कूसही बदलता येत नाही, असं आक्का म्हणाली. त्यावर दोघं भावंडं खो खो हसली.

केमोने बाबांचे हाल हाल केले. तोंड आलं, केस गेले, अन्नाच्या नुसत्या वासाने ओकारी यायची. बोटांची टोकं बधिर झाली. सुई टोचली तरी कळत नाही, असं ते नवल सांगावं तसं सांगायचे, पण मग बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहायचे. एकदा बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून मला म्हणाले, पुरे झालं जावईबापू, मला आक्काकडे सोडून या. मी म्हटलं, बाबा, साठ आहेत, साठ. भिंतीला धरून ते उठले. त्यानंतरही असं दोन-तीनदा झालं, आणि दर वेळी तो आकडा मीच त्यांच्या हातात काठीसारखा दिला.

सलाइन तासन् तास चालायचं. तेवढ्या वेळात जीव रमावा म्हणून बायकोनेच आपला गेम त्यांच्या मोबाइलवर घालून दिला. पैसे भरून चाक फिरवायचं नाही ही सक्त ताकीद, बाकी खुशाल खेळा, म्हणाली. पहिल्या काही दिवसांत बाबांना इतकं मिळालं की नर्सबायका त्यांच्या खुर्चीभोवती गोळा व्हायच्या. नवशिक्याला सुरुवातीला मुद्दाम जिंकू देतात हे मला घरात ऐकून ऐकून ठाऊक होतं, पण मी तोंड उघडलं नाही. पुढे ओघ आटला. होडी तर रोज हुलकावणी द्यायची. काटा तिच्या भागात शिरल्यासारखा करायचा आणि शेजारच्या पिंपावर जाऊन थांबायचा. आज केसभर हुकली, असं बाबा मला घरी आल्यावर सांगायचे, तेसुद्धा जवळजवळ जिंकल्याच्या आनंदात. बंदराला त्यांनी आक्काचं नाव दिलं होतं.

स्कॅनचे रिपोर्ट आणायला बायकोच जायची. पहिल्या खेपेला गाठ आकसली होती, ते खरंच तसं होतं. नंतर दर वेळी ती यायची, पर्स खुंटीला लावायची आणि सांगायची की थोडक्यात राहिलं, पुढच्या फेरीत नक्की. आम्ही दोघं पुरुष मान डोलवायचो. कागद बघायला मागावा असं मला एकदाही वाटलं नाही. ती असताना आकडे मी कशाला बघू?

औषधांनी बाबांची नजरही उतरली. मोबाइल नाकाला लावून खेळताना त्यांना पाहिलं आणि मला स्वतःची लाज वाटली. घरात चष्मेवाला असून ही तऱ्हा. तोवर केमोला जाण्यापुरतं सोडलं तर त्यांना जिना उतरवत नव्हता, म्हणून दुकानातली भिंगांची पेटीच मी घरी आणली आणि खुर्चीत बसल्या बसल्या नंबर काढला. नवा चष्मा चढवला आणि बाबा हाताला लागेल ते वाचत सुटले. साबणाचं वेष्टण, बाटलीमागचा मजकूर, माझ्या बनियनच्या आतलं लेबलसुद्धा. खूप दिवसांनी घरात त्यांचा आवाज भरून राहिला होता. बायको ऑफिसातून आली ती हे ऐकून दारातच हसली.

संध्याकाळी जेवायला बसलो. बाबांपुढे सूपची वाटी होती आणि वाटीशेजारी मोबाइल. चाकाच्या कोपऱ्यात एक इवलंसं प्रश्नचिन्ह असतं. ते दाबलं की कायद्याने द्यावा लागतो तो मजकूर येतो, राखाडीवर राखाडी अक्षरांत, कुणी वाचू नये अशा बेताने. बाबांनी तो वाचला. सोन्याची होडी, शून्य पूर्णांक शून्य दोन टक्के. त्यांनी पुन्हा वाचला, या वेळी बोट ठेवून. मग मान वर करून लेकीला विचारलं की चाकाचे आठ भाग आहेत, मग आठात एकदा यायला नको का.

बायको त्या दिवशी खरं तर ऑफिसातून वैतागून आली होती. होडीचं वजन अजून कमी करा असं वरून आलं होतं. शिवाय प्रश्न तिच्या कामातला होता आणि तिच्या कामातलं तिला घरात कधी कुणी विचारत नाही. ती सांगत गेली. चाक नुसतं दाखवायला असतं. तुमचं बोट लागतं तेव्हाच आतून ठरून जातं काय द्यायचं ते, पुढचं सगळं नाटक. आणि होडी द्यायची नसली तरी काटा नेमका तिच्या शेजारी नेऊन थांबवायचा.

“ते कशाला?” बाबांनी विचारलं.

“थोडक्यात हुकलं असं वाटलं की माणूस उठत नाही, बाबा. लांब राहिलं असं दिसलं की उठून जातो.”

हे बोलली आणि तिचा घास तसाच हातात राहिला. मला तेव्हा काहीच कळलं नाही. गोठ्यातल्या बैलासारखा खाली मान घालून मी माझं जेवत होतो, असं म्हणायचीही सोय नाही; मी तर तिच्या हुशारीवर खूश होऊन तिच्याकडे बघत होतो. बाबांनी चष्मा काढला, वाटीशेजारी ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

“दुकानात गिऱ्हाईक आलं की मी सांगायचो, झालंय, फक्त काजं-बटणं राहिलीत,” ते म्हणाले. “तेव्हा कापड कपाटातून निघालेलंही नसायचं. गिऱ्हाईक बिचारं समाधानाने घरी जायचं. रिपोर्ट आणल्यावरचा तुझा तो आवाज मला ओळखीचा वाटायचा, पण लेकीबद्दल असं कसं मनात आणायचं?” मग त्यांनी विचारलं, “बाई किती म्हणाल्या होत्या?”

मला राग आला. औषधांनी यांचं डोकं फिरलंय असं वाटलं. साठ म्हणाल्या होत्या, असं मी जवळजवळ ओरडलोच, आणि तिच्याकडे वळून म्हटलं, सांग ना. तिने माझ्याकडे बघितलंच नाही.

“चार,” ती म्हणाली. “आणि ते बरे होणारे नव्हेत. वर्ष काढणारे.”

मग बाबांनी विचारलं की बाई आणखी काय म्हणाल्या होत्या. तिने तेही सांगितलं, शाळेत उभं करून विचारल्यासारखं. बाई म्हणाल्या होत्या, औषध नाही घेतलं तर तीन-चार महिने बरे जातील, त्यांना कुठे जायचं असेल, कुणाला भेटायचं असेल, तर आत्ता. बाबांनी मान हलवली. माझं सूप निवलंय, म्हणाले, आणि मला हात द्यायला सांगून आपल्या खोलीत गेले.

मी स्वयंपाकघरात तिच्या अंगावर गेलो. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिला इतकं कधी बोललो नव्हतो. तो माणूस बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून मला सोडून या म्हणत होता, आणि तुझा खोटा आकडा मी त्याच्या तोंडावर मारत होतो. मला तरी सांगायचं होतंस. ती ओट्याला पाठ लावून उभी होती. रडत नव्हती, याचाच मला जास्त संताप आला.

“तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं,” ती म्हणाली.

“पण साठच का? कुठून काढलेस?”

“नव्वद सांगितले असते तर त्यांना संशय आला असता. चाळीस सांगितले असते तर ते आक्काकडे गेले असते. साठाला माणूस थांबतो. हे मला माहीत आहे, माझं कामच आहे ते.” मग तिचा आवाज फाटला. “चार म्हणजे शून्य नव्हे ना? होडीपेक्षा कितीतरी जास्त आहेत. लोक त्याहून कमीवर रोज येतात. मला वाटलं, बाबा त्या चारांत असतील. मला ते माझ्यासमोर हवे होते.”

तिच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हेही मला सांगता येत नाही, आणि येत नाही म्हणून मी तिला अजून धड रागावू शकलेलो नाही. ती नंतर बाबांच्या दाराशी गेली, माफ करा म्हणाली. झोप आता, असं आतून उत्तर आलं.

सकाळी बाबांनी एकच मागणं केलं. केमो बंद, मला आक्काकडे न्या. आम्ही दोघंही कामावर गेलो नाही. आडवं झोपून जाता येईल अशी मोठी गाडी ठरवली. बायकोने त्यांचे कपडे भरले, आक्कासाठी एक मऊ शाल घेतली. बाबांनी स्वतः दाढी केली, म्हणजे वस्तरा मी धरला आणि त्यांनी गाल फुगवले. बऱ्याच दिवसांनी ते मला चिडवत होते, की चष्मेवाल्याच्या हातात वस्तरा देणं म्हणजे जिवाशी खेळ. मला वाटलं, एवढं तरी होईल. चुकलेलं थोडंसं का होईना निस्तरता येईल.

इमारतीला लिफ्ट नाही. खुर्चीत बसवून शेजाऱ्याने आणि मी त्यांना उचललं. पहिला जिना उतरलो, दुसऱ्याच्या मधल्या वळणावर त्यांची मान कलली. ओठ निळे पडले. आम्ही खुर्ची टेकवली, बायको पायरीवर गुडघे टेकून त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरून हाका मारत होती. ते शुद्धीवर आले ते ओकारी घेतच. गाडीवाला खालून हॉर्न वाजवत होता. आम्ही त्यांना परत वर आणलं. डॉक्टरीणबाईंना फोन लावला तर त्या म्हणाल्या, दोन दिवस सोडा, दोन तासांचाही प्रवास आता झेपायचा नाही. मग कुठलाही वाईट हेतू नसताना त्या म्हणाल्या की सुरुवातीला आरामात जाऊन आले असते, मी तेव्हा तसं सुचवलंही होतं. फोन स्पीकरवर होता. बंद करायला माझा हात वेळेवर पोचला नाही.

आक्काला इकडे आणायचा प्रश्नच नव्हता. तिला अंथरुणातून खुर्चीतही बसवता येत नाही. व्हिडिओ लावावा तर तिला दिसत नाही.

दुपारी तिचाच फोन आला. सकाळी निघतोय असं बाबांनी तिला मोठ्या हौसेने कळवलं होतं, त्यामुळे कुठवर पोचलास, असं ती विचारत होती. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी सांगतो आक्काला सगळं, असं खुणेने म्हणून मी हात पुढे केला. बाबांनी मोबाइल दिला नाही. उशीवर जरा वर सरकले, घसा साफ केला.

“नाही गं निघालो आज,” ते म्हणाले. आवाज इतका टवटवीत की मी चपापलो. “गाडीवाल्याने घोळ घातला. आणि बाई म्हणतात एक शेवटचं इंजेक्शन घेऊनच जा, अगदी थोडक्यात आलंय आता... हो. हो, पुढच्या महिन्यात नक्की... खाटेचं काय? ठेव की करून, माझी खाट खिडकीपाशी ठेव.”

पलीकडे आक्का बराच वेळ काहीबाही सांगत होती. खाट कुठे ठेवायची, कुणाला बोलवायचं, गाद्या उन्हात घालायच्या. बाबा हसत हुंकार देत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी डोळे मिटले. बायको त्यांच्या पायांशी बसली होती, त्यांच्या पायांची बधिर बोटं चोळत.

“मला वाटत होतं तुला हे फार जड गेलं असेल,” ते तिला म्हणाले. “सोपं असतं की गं.”

“जड गेलं होतं, बाबा,” ती म्हणाली.

तोवर त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. ती मग पुन्हा म्हणाली, जड गेलं होतं, आणि पाय चोळत राहिली.